नरसिंहराव सुत्राव्यांचा बिनदोराचा फुगा

…तर साहेब म्हणाला, "ती सुई बाहेर ठेव आणि मग आत ये."

काल इथंच थांबलं होतं ना? मध्ये चहा आला आणि गोष्ट दारातच राहिली. तर नरसिंहराव सुत्रावे, वय वर्षं बावीस, अंगात नवा कोरा पांढरा शर्ट, खिशात सुयांची पुडी, काखेत आजोबांच्या वेळची पितळी मुठीची कात्री, असे सरकारी प्रयोगशाळेच्या दारात उभे. आणि साहेब सांगतोय, सुई बाहेर.

गंमत बघा. जाहिरातीत तर चांगलं ठळक छापलेलं, 'शिंपी पाहिजे'. आणि सुत्रावे म्हणजे शिंपीच. साडेतीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजांचे तंबू शिवत शिवत त्यांचे पूर्वज बेंगळुरात आले. फौजा गेल्या, तंबू गेले, हे चिक्कपेठेतच राहिले. घरात मराठी, दारात कन्नड, आणि जिभेवर दोन्हींचं कालवण. नरसिंहराव 'मी केलं' कधी म्हणायचे नाहीत. 'मी केलो', 'मी बघितलो' असंच म्हणायचे. पुण्याचं कुणी हसलं तर म्हणायचे, "हसू दे की. तुमचा पुणा झाला त्याआधीचा आमचा मराठी आहे हा." पुण्याचा इतिहास त्यांना ठाऊक नव्हता, पण म्हणायचे मात्र असं ठासून की समोरचा गप्पच बसायचा.

"सुई नाही, तर मग शिंप्यानं करायचं काय?" नरसिंहरावांनी विचारलं.

"फुगे करायचे," साहेब म्हणाला.

फुगे म्हणजे वाढदिवसाचे नव्हेत हो. दुमजली घराएवढा एकेक. आत हेलियम भरायचा, खाली कॅमेरा नाहीतर कसलं यंत्र टांगायचं, आणि जाड दोरावर हजार फूट वर सोडून द्यायचा. हेलियम महा चोर वायू. सुईचं एक भोक सापडलं की रात्रीत निम्मा पसार. म्हणून त्या कापडाला सुई लावायचीच नाही. काठावर काठ चढवायचा, वरून पट्टी घालायची आणि तापलेलं चाक एकाच चालीनं, न थांबता, न घाई करता फिरवत न्यायचं. थांबलं तर कापड जळतं, पळालं तर चिकटत नाही. त्याला शिवण म्हणत नाहीत, सांधा म्हणतात.

संध्याकाळी घरी आले तर वडील मशिनीवर. वडिलांना अण्णा म्हणायचे.

"काय शिवलास आज?"

"शिवलो नाही अण्णा. सांधलो."

अण्णांनी मशीन थांबवली. "सुई नाही?"

"आत नेऊच देत नाहीत."

"मग शिंपी कशाला पाहिजे त्यांना? पंक्चरवाला ठेवायचा होता!"

झालं. त्या दिवसापासून गल्लीत नाव पडलं, पंक्चर नरसिंह. लग्न ठरलं तेव्हा पद्मावतीच्या माहेरच्यांनी चौकशी केली, मुलगा काय करतो, तर कोपऱ्यावरच्या फुलवाल्यानं सांगितलं, पंक्चर काढतो सरकारात. लग्न मोडता मोडता राहिलं. पद्मावतीबाई तर परवापर्यंत टोमणा मारायच्या, "सायकलवाल्याला देणार होते मला, नशिबानं फुगेवाला मिळाला."

पण अडतीस वर्षं, एक सांधा गळला नाही. साबणाचं पाणी फासायचं, बुडबुडा येतो का बघायचं, मग कान लावून ऐकायचं. म्हशीच्या पोटाला कान लावतो ना आपण, वासरू हलतंय का म्हणून, तसं. लोक म्हणायचे, "राव सार, काय सुंदर शिवता हो तुम्ही." की लगेच, "शिवलो नाही, सांधलो." हजार वेळा. कंटाळा नाही.

आता त्या खात्यात दामोदर म्हणून एक साताऱ्याकडचे जुने मिस्त्री होते. फुगा वर सोडायचं काम त्यांच्याकडं. पहिल्याच दिवशी नरसिंहराव तोंड वासून वर बघायला लागले तर त्यांनी मानेवर चापट मारली. "वर बघायचं नाही! वर बघितलं की माणूस येडा होतो, आन पाय दोरात अडकतो. दोर बघायचा. वारा काय करतोय, फुगा काय करतोय, समदं दोर सांगतो."

ते असं अंगात मुरलं की अडतीस वर्षं नरसिंहरावांनी दोरच बघितला. स्वतःच्या हातचे फुगे त्यांनी जमिनीवर अर्धे फुगलेले बघितले, डोहात बसलेल्या म्हशीसारखे. किंवा खाली ओढून आणल्यावर. वर असताना दोर. आणि कुठलाही फुगा दोरापलीकडं जायचा नाही. त्यामुळं मनात एकच गोष्ट बसली. आपल्या हातानं सांधलेलं एक तरी, दोराशिवाय, आपल्या बळावर चाललेलं बघायचं.

एकदा तो योग आलासुद्धा होता. खात्यात हवाई जहाज करायचं ठरलं. विमान नव्हे. लांबोळकं, काकडीच्या आकाराचं फुगाजहाज, दोन बाजूंना पंखे, हवं तिकडं वळणारं. नरसिंहरावांनी सहा महिने खपून त्याचं कापड सांधलं. मग फाइल वर गेली. ती वरच राहिली. कापड फडताळात पडून पडून त्याचे थर सुटले, आणि एक दिवस कुणीतरी ते स्कूटरी झाकायला नेलं.

निवृत्तीच्या दिवशी घड्याळ मिळालं, हार मिळाला. भाषण करा म्हणाले. नरसिंहराव उठले आणि एवढंच बोलले, "सगळा झाला. एक दोर नसलेला तेवढा बघायचा राहिला." लोकांना वाटलं, देवाबद्दल बोलताहेत. टाळ्या पडल्या.

आणि तिथून दोन वर्षांनी पुष्कर आला.

पुष्कर पुण्याचा, तिशीच्या आतबाहेरचा. एचएसआर लेआउटमध्ये एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर त्याची कंपनी, आणि आनेकलच्या पुढं माळावर पत्र्याची एक शेड. तो चिक्कपेठेत घर शोधत आला आणि दारातच म्हणाला, "काका, अख्ख्या शहरात तुमच्याइतका चांगला सीम कुणी करत नाही असं ऐकलंय. आम्हाला एअरशिप शिवून द्याल का?"

आतून पद्मावतीबाईंचा आवाज आला, "आता सांगतील बघा."

"शिवत नाही रे," नरसिंहराव म्हणाले, "सांधतो. दोर असतो त्याला?"

"दोर? नाही. फ्री फ्लाइट."

"सरी," म्हणजे बरं, असं म्हणाले आणि चप्पल घालायला लागले. पुष्करनं अजून पगारसुद्धा सांगितला नव्हता.

पुष्करचं म्हणणं असं. जगभरात हे जहाज पुन्हा जागं होतंय. रस्ता नको, धावपट्टी नको, इंधन थोडंसं. पूर आला तर मोबाइलचा टॉवर वर टांगता येतो, जंगलावर नजर ठेवता येते, डोंगरातला माल उतरवता येतो. त्याला गिऱ्हाईकही मिळालं होतं. कोडगूचे, म्हणजे कूर्गचे, मोठे कॉफी मळेवाले. पावसाळ्यात दरड कोसळली की आठ आठ दिवस त्यांची पोती डोंगरावर अडकायची. त्यांनी सांगितलं, आमच्या डोळ्यांदेखत एक पोतं उचलून माळाच्या या टोकाहून त्या टोकाला न्या, मग बोलू.

एक पोतं! त्यासाठी साठ फुटांचं जहाज. नरसिंहरावांनी चौदा महिने सांधे मारले. पुष्कर शेजारी बसून बघायचा. पोरगा शिकला नाही, पण बसायचा. वाद घालायचा.

"काका, 'मी केलो' नाही, 'मी केलं'."

"तू केलास का? नाही. मी केलो. मग?"

शेडवर रक्षिता म्हणून म्हैसूरकडची इंजिनिअर होती. शेजारच्या गावातली सात माणसं रोजावर घेतली होती, आठवे नरसिंहराव. जहाज बाहेर काढताना या आठ जणांनी आठ दोऱ्या धरायच्या, आणि हुकूम द्यायचा रक्षितानं. 'हिडीरी' म्हणजे धरा. 'बिडी' म्हणजे सोडा. पहिल्या दिवशी ती ओरडली, "बिडी! बिडी!" तर पुष्कर धावत आला, "कोण ओढतंय बिडी? विझव आधी!" हेलियम पेटत नाही हे त्यालाच सगळ्यात चांगलं ठाऊक, तरी. माणसं पोट धरधरून हसली. त्या दिवसापासून चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचंच, "सार, बिडी बेडा?" म्हणजे बिडी नको का? आणि पुष्करही मग हात जोडून म्हणायचा, "बेडा, बेडा." एवढं कन्नड त्याला पक्कं आलं. बिडी म्हणजे सोडा, बेडा म्हणजे नको.

हे दोन शब्द ध्यानात ठेवा बरं का.

जुलैचा महिना. पाहुण्यांना सकाळी साडेसहाची वेळ दिली होती, कारण त्या दिवसांत बेंगळुरात ऊन चढलं की पश्चिमेचा वारा सुटतो. नरसिंहराव पाचलाच हजर. देवाला निघाल्यासारखा धुतलेला शर्ट. पद्मावतीबाईंनी विचारलं होतं, "मी येऊ का बघायला?" तर म्हणाले, "आज नको. तू आलीस तर तुझ्याकडं बघीन. आज मला वर बघायचा आहे."

साडेसहा वाजले. सात वाजले. जहाज खांबाला नाक लावून उभं, वारा अगदी शांत. पाहुणे सर्जापूर रोडवर अडकलेले. आठ वाजता फोन आला, हललोय. नऊ वाजता फोन आला, पुन्हा अडकलोय. नरसिंहराव पुष्करला म्हणाले, "स्वल्प लवकर उडवून घेऊ या का रे? ते आल्यावर परत उडवू."

"काका, बॅटरी एकाच फेऱ्यापुरती आहे. ती मी जोडलीसुद्धा नाहीये अजून."

साडेदहाला जीप दिसली. फाट्यावर वळण चुकू नये म्हणून रक्षिता मोटरसायकलवर पुढं गेली होती. पुष्करला वाटलं, पाहुणे येईतो जहाज खांबावरून सोडवून मैदानात मधोमध उभं करावं, दिसायलाही बरं दिसेल. आठ जणांनी आठ दोऱ्या घेतल्या. खांबाची कडी काढली. वजनासाठी खाली वाळूच्या पिशव्या होत्या, त्याही काढल्या, कारण त्यांच्या जागी कॉफीचं पोतं लावायचं. पोतं होतं पाहुण्यांच्या जीपमध्ये. आपल्याच मळ्याचं आणलं होतं बिचाऱ्यांनी, फोटोसाठी.

आणि आडवा वारा आला.

साठ फुटांचं धूड कुशीवर वळल्यासारखं वळलं. माणसं चार पावलं फरफटली. कुणी एकमेकांकडं बघतंय, कुणी पुष्करकडं. हुकूम कोण देणार? रक्षिता फाट्यावर. पुष्करनं दोन्ही हात वर केले. त्याच्या मनात मराठी, 'सोडू नका'. ते त्यानं त्याच्या जवळच्या दोन शब्दांत बसवलं आणि जीव खाऊन ओरडला, "बिडी बेडा! बिडी! बेडा!"

कन्नडमध्ये असं म्हणतच नाहीत हो. सोडू नका म्हणजे 'बिडबेडी'. एकच शब्द. आणि वाऱ्यात 'बेडा' उडून गेलं. सात माणसांच्या कानात पडलं ते एवढंच, बिडी. सोडा. मालकाचा हुकूम. सात जणांनी एकदम हात उघडले.

एकट्या नरसिंहरावांनी धरून ठेवलं. कारण त्या कन्नडच्या खालचं मराठी एकट्या त्यांनाच ऐकू आलं.

धरलं म्हणजे किती धरणार? पासष्टीला आलेला माणूस, अंगावर मांस नाही. दोर तळव्यातून कातडं घेऊन सरकत राहिला. तरी सोडेनात. मग टाचा जमिनीवरून उचलल्या गेल्या. दामोदर मिस्त्रींचा दुसरा धडा होता, टाच सुटली की दोर सोडायचा, नाहीतर शंभर फुटांवरून सोडावा लागतो. त्यांनी सोडला.

दोराचं टोक गवतावरून सळसळत गेलं, उचललं, आणि गेलं.

पंखे बंद, बॅटरी सुटी, वर काही ऐकणारं यंत्रच जागं नाही. विमानतळाला कळवावं लागलं. पुष्कर फोनवर इंग्रजीत तीच तीन वाक्यं पुन्हा पुन्हा बोलत होता. जीप येऊन थांबली. कॉफीवाले उतरले, रिकाम्या खांबाकडं बघितलं, आणि त्यातले थोरले अगदी नम्रपणे म्हणाले, "उशीर झाला का आम्हाला?" रक्षिता तिथंच खाली बसली. आणि त्या सात जणांतला एक जण गोंधळून विचारत होता, "सार, बिडी म्हणालात ना?"

उंच गेल्यावर वायू फुगतो, झडप आपोआप उघडून वायू थोडा थोडा सुटतो, मग जहाज खाली येतं. तिसऱ्या दिवशी मालूरच्या पलीकडून फोन आला. पुष्कर आणि नरसिंहराव गेले. नरसिंहरावांचे दोन्ही हात पांढऱ्या पट्ट्यांत, लग्नातल्या बँडवाल्यासारखे. गावातल्या लोकांनी कापड वाटून घेतलं होतं. टोमॅटोच्या ढिगांवर, गोठ्यावर, एका ट्रॅक्टरवर, जिकडं तिकडं त्यांचं जहाज. एका बाईनं तर कौतुकानं सांगितलं, पाण्याचा थेंब आत येत नाही, फार गुणाचं कापड.

"आणि ह्या पट्ट्या?" नरसिंहरावांनी विचारलं.

बांधावर पट्ट्यांचा ढीग पडला होता. बाई म्हणाली, "तिथं विळाच चालेना. दोन बाजूंनी कापलं आणि तेवढ्या टाकून दिल्या."

एकही सांधा सुटला नव्हता. कापड कामाचं होतं, ते लोकांनी घेतलं. सांधे तेवढे कुणालाच नको होते. नरसिंहरावांनी ते पट्टीबंद हातांनी गोळा केले. बाईनं मदत केली आणि सहज म्हणाली, "तुम्हीच शिवलंत का?" पुष्करनं काकांकडं बघितलं, आता सांगतील म्हणून. त्यांनी नुसती मान हलवली आणि गठ्ठा बांधला.

पुढचं लांबवण्यात अर्थ नाही. परवाना गेला. कॉफीवाल्यांनी फार गोड पत्र लिहिलं आणि ट्रक घेतले. पुष्करनं दोन महिने दारोदार फिरून बघितलं, पण ज्याचं जहाज एका शब्दानं सुटलं त्याला दुसऱ्यासाठी पैसे कोण देतो? जायच्या आधी तो चिक्कपेठेत आला, उंबऱ्याशी बसला, "काका, मी कन्नड नीट शिकायला हवं होतं हो," म्हणाला आणि रडला. नरसिंहरावांनी पाठीवर हात ठेवला. तो हात त्यांना स्वतःलाच नीट लागत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, तळव्याची जाण परत यायची नाही. म्हणजे तापलेलं चाक किती तापलंय हे आता त्यांना कळायचं नाही. रक्षिताला शिकवतो म्हणाले होते. शिकवणार कशानं? आणि तिलाही शिकून काय करायचं होतं? ती एका मोबाइलवाल्या कंपनीत गेली. शेडमध्ये आता गाद्यांचं गोदाम आहे.

शेड रिकामी केली त्या दिवशी नरसिंहराव दुपारी घरी आले. काखेत तोच पट्ट्यांचा गठ्ठा. जिथं एके काळी अण्णांची मशीन होती त्या कोपऱ्यात ठेवला आणि भिंतीला टेकून बसले. पद्मावतीबाईंनी पाणी आणलं. तांब्या त्यांच्या हातात न देता स्वतःच धरून पाजलं, कारण हल्ली हातातून सुटायचा.

"कशाला आणलात हे?"

"टाकून देणार होते."

पद्मावतीबाई त्या गठ्ठ्याकडं बघत बसल्या. सगळं गेलं होतं, पण एक गोष्ट उरली असेल असं त्यांना इतके दिवस वाटत होतं. नवऱ्याचं आयुष्यभराचं मागणं त्यांना ठाऊक होतं ना. विचारायचा धीर होत नव्हता. आज विचारलं.

"अहो, एक विचारू? नुकसान झालं ते झालं. पण सुटलं तेव्हा दोर नव्हता त्याला. मोकळं गेलं ते. तेवढं तरी डोळे भरून बघितलात ना?"

नरसिंहरावांनी दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले. मग म्हणाले,

"नाही गं पद्मा. दोर सुटला तसा मी सवयीनं दोरच बघितलो. त्याचा टोक दिसेनासा झाल्यावर मान वर केलो, तर वर नुसता ढग."